स्वस्त बाहुली वेगळी, डुप्लिकेट बाहुली वेगळी

म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा जवळ आली की माझ्याकडे एक प्रश्न येतोच. कधी शेजारची वहिनी विचारते, कधी लेकीच्या वर्गातल्या कुणाची तरी आई. "बाय बार्बी मागतेय. खरी घेऊ की स्वस्तातली?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्यही तीच बोलते, "स्वस्तातली म्हणजे काय, डुप्लिकेटच ना!"

हे ऐकून माझे कान किटले आहेत. स्वस्त बाहुली आणि डुप्लिकेट बाहुली या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या एकच समजल्यामुळे घरात दोन प्रकारचं नुकसान होतं. काही जण घाबरून ऐपतीबाहेरची महाग बाहुली घेतात. काही जण "शेवटी प्लास्टिकच ते" म्हणत जी घरात आणूच नये ती बाहुली आणतात. मधली चांगली वस्तू दुकानातच राहते.

महाग बाहुली सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा तिची किंमत ३ डॉलर होती. तिच्या मूळ बांध्याची उंची साडेअकरा इंच, म्हणजे साधारण २९ सेंटिमीटर. केस दाट, चेहऱ्याची छपाई सुबक, आणि जास्त पैसे मोजले तर कोपर, मनगट, गुडघा सगळं वळणारी. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे बाहेरून आलेल्या खेळण्याच्या किमतीत कराचाही वाटा असू शकतो. तिप्पट किंमत पाहून बाहुली तिप्पट टिकाऊ असेल असं धरून चालू नका.

आता स्वस्त बाहुली. ती कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खोक्यात विकलेली असते. तिने काटकसर केलेली असते, पण ती तुमच्या डोळ्यांसमोर. गुडघे वळत नाहीत, केस थोडे विरळ, फ्रॉक एकच, बुटांना रंग नाही. हे सगळं खोक्याच्या खिडकीतून दिसतं. डुप्लिकेट बाहुली महाग बाहुलीचा वेश घेऊन येते. तोच गुलाबी खोका, तशीच तिरकी अक्षरं, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. दुकानदार तिला "फर्स्ट कॉपी" म्हणतो. हिची काटकसर दिसत नाही अशा जागी असते: प्लास्टिकमध्ये, रंगात, सांध्यात.

मागच्या चवथीला भाच्या घरी आल्या होत्या तेव्हा मी तीन बाहुल्या सोप्यावर ओळीने मांडल्या. एक खरी, एक स्वस्त पण स्वतःच्या नावाची, एक डुप्लिकेट. खोकी बाजूला ठेवली. लांबून पाहिलं तर डुप्लिकेटच सगळ्यांत झकास दिसत होती, झगा सर्वांत चमकदार तिचाच. म्हणूनच माणसं फसतात.

मग मोठ्या भाचीने तिघींचे केस सोडले, कारण मुलगी बाहुली हातात आली की पहिलं काम तेच करते. डुप्लिकेटचा उंच बांधलेला पोनी सुटला आणि खाली गुळगुळीत टक्कल निघालं. कपाळाच्या कडेने केसांची एक रांग, मानेच्या कडेने एक रांग, मध्ये काहीच नाही. स्वस्त बाहुलीच्या डोक्यावर केसांच्या ओळी लांब लांब होत्या, पण टाळूभर होत्या. दोन वेण्या घालता आल्या. पोट अंगठ्याने दाबून पाहिलं. डुप्लिकेटचं पोट आत गेलं आणि टक् करून बाहेर आलं, इतका पातळ तो पत्रा. अशा अंगाला पाय अडकवलेला असतो तो कमरेच्या कडेवर एका छोट्या गोळ्याने. बाहुलीला दोन-चारदा खाली बसवलं की तिथेच चीर पडते. एका जत्रेतून घेतलेली अशी बाहुली आमच्याकडे त्याच रात्री लंगडी झाली होती आणि ती धरून झोपलेली पोर सकाळी पाय शोधत होती. फुटलेल्या प्लास्टिकची कड ब्लेडसारखी असते. बोट कापलं नाही हे नशीब.

डोळे तपासायला ओलं बोट पुरतं. खऱ्या आणि चांगल्या स्वस्त बाहुलीचा चेहरा छापलेला असतो, तो बोटाने हलत नाही. डुप्लिकेटची भुवई माझ्या बोटाला लागून आली. आमच्याकडच्या पोरी बाहुलीच्या डोक्याला खोबरेल चोळतात, तिथे असा चेहरा आठवडाभरही टिकायचा नाही.

हे सगळं मात्र वरवरचं. खरी गोम हाताला किंवा डोळ्याला कळत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. बाहुलीचं डोकं आणि हात मऊ लागतात ते बहुतेक वेळा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मुळात कडक; ते मऊ करायला त्यात थॅलेट जातीची द्रव्यं घालतात. ही द्रव्यं प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात. बरीच वर्षं पडून राहिलेली बाहुली चिकट लागते त्याचं हे एक कारण. मूल तीच बाहुली चोखतं, गालाला लावून झोपतं. म्हणून खेळण्यांच्या मानकात यातल्या ठरावीक थॅलेटना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, आणि रंगातून सुटणाऱ्या शिशासारख्या धातूंनाही मर्यादा आहे. स्वस्त प्रामाणिक बाहुली ही परीक्षा देऊन आलेली असते. डुप्लिकेटने ती दिली आहे की नाही हे कळायला काहीच मार्ग नसतो. पुष्कळ जणी नाकाला लावून वास घेतात आणि "वास नाही, म्हणजे चांगलं आहे" म्हणून मोकळ्या होतात. उग्र वास आला तर बाहुली घेऊ नकाच, पण वास नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शिशाला वास नसतो.

मग ओळखायचं कसं? खोक्यावरच्या खुणेवरून. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बाहेरदेशी बनलेलं खेळणं इथल्या दुकानात विकायचं तर त्यालाही. साध्या बाहुलीवर चिन्हाच्या वर आयएस ९८७३ हा मानक क्रमांक असतो, बोलणाऱ्या किंवा सेलवर चालणाऱ्या बाहुलीवर आयएस १५६४४. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. माणसं इथेच चुकतात. चिन्ह पाहतात, क्रमांक पाहत नाहीत. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतो. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप फोनवर घ्या, तो परवाना क्रमांक टाका. कुठल्या कंपनीचा, कुठल्या वस्तूसाठीचा आणि चालू आहे की नाही, हे समोर येतं. नाव खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. दुकानात उभं राहून हे काम मिनिटभराचं आहे. तेवढ्या वेळात दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू द्या.

सीई या दोन अक्षरांवर मात्र अजिबात जाऊ नका. ती युरोपची खूण आहे, बहुतेक खेळण्यांवर ती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, आणि आयएसआयच्या जागी ती इथे चालत नाही. डुप्लिकेटच्या खोक्यावर ती हमखास छापलेली असते आणि दुकानदार बोट ठेवून दाखवतो, "बघा, फॉरेनचं सर्टिफिकेट." मला याची विलक्षण चीड आहे.

आयएसआय चिन्ह नसूनही बिनघोर घ्यावी अशीही खेळणी असतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. सावंतवाडीची चितार आळी आपल्याला किती जवळ! तिथली लाकडी भातुकली आणि फळं पाहिली की मला अजून हात आवरत नाही. फक्त कारागिराला रंग कुठला म्हणून विचारा.

दुसरा अपवाद परदेशातून आलेल्या बाहुलीचा. गोव्यात कुणाचा मामा बोटीवर असतो, कुणाची आते लंडनला. ती माणसं येताना अठरा इंची बाहुली आणतात. तिच्यावर आयएसआय नसणारच, कारण ती इथल्या दुकानासाठी बनलेलीच नाही. तिथल्या नावाजलेल्या दुकानातली असेल तर काळजी नको.

आणि याच अठरा इंची बाहुल्यांत स्वस्त म्हणजे डुप्लिकेट नव्हे याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. अमेरिकन गर्ल ही महागातली, १९८६ साली सुरू झालेली, १९९८ पासून बार्बीच्याच मॅटेल कंपनीकडे. किंमत शंभर डॉलरच्या वर. अवर जनरेशन ही बटाट नावाच्या कॅनडातल्या कंपनीची, तिच्या निम्म्याहून पुष्कळ कमी किमतीत मिळणारी. दोघी सारख्याच उंचीच्या, ४६ सेंटिमीटर, दोघींचं धड कापडी, एकीचे बहुतेक कपडे दुसरीला होतात. अवर जनरेशन कुणाची नक्कल करून, नाव चोरून विकली जात नाही. जास्त पैशात मिळतं काय? महाग बाहुलीला केसांचा टोप असतो, तो बदलता येतो, आणि कंपनीचं स्वतःचं बाहुल्यांचं इस्पितळ आहे, तिथे पाठवली की दुरुस्त होऊन येते. ही खरोखर मोलाची सोय आहे, पण अमेरिकेत राहणाऱ्याला. फोंड्याहून बाहुली तिकडे कोण पाठवणार? म्हणून मामाने विचारलं तर मी बेधडक स्वस्त सांगते.

कापडी धडाबद्दल एवढंच की आपल्या पावसात ते बुरसतं. जून ते सप्टेंबर अशी बाहुली बंद कपाटात ठेवू नका, उघड्यावर वाऱ्याला बसवा. जवळ डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांनी काही जातीचं प्लास्टिक खराब होतं. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, आत गंज धरतो.

वयाचं मी दोन ओळींत सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. खोक्यावर '३+' लिहिलेलं असतं ते मुलीच्या हुशारीबद्दल नसतं. "आमची अडीच वर्षांची आहे, पण तिला सगळं कळतं" हे मला सांगू नका. बूट घशात अडकायला अक्कल लागत नाही. सव्वा इंचाच्या नळीत मावेल असा कुठलाही तुकडा त्या वयाला धोक्याचा, आणि महाग बाहुलीचे बूटही त्या नळीत सहज मावतात. तिसरं वर्ष संपेपर्यंत आजीने जुन्या सुती लुगड्याची शिवलेली बाहुली द्या, डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने भरलेले हवेत. याहून चांगली बाहुली त्या वयाला बाजारात नाही.

तीन ते सहा-सात वर्षांपर्यंत माझं मत पक्कं आहे: आयएसआयवाली स्वस्त. या वयात बाहुली न्हाऊ घातली जाते, तिचे केस कापले जातात, तिला न्हाणीघरातल्या बादलीत बुडवलं जातं, आणि ते झालंच पाहिजे. महाग बाहुली घेऊन ती शोकेसमध्ये उंच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. पोर खाली उभी राहून मान वर करून बघते. पाहुणे आले की बाहुली खाली येते, पाहुणे गेले की वर जाते. तेवढ्या पैशात तिला स्वस्त बाहुली मिळाली असती आणि वर कापडाचे तुकडेही. घेताना उंची २९ सेंटिमीटरची आणि अंगाने तशीच बघा, म्हणजे त्या मापाचे कपडे सगळीकडे मिळतात आणि घरीही शिवता येतात. ब्लाउजपीसच्या उरलेल्या पट्टीत एक परकर सहज होतो.

महाग घ्यायची वेळ त्यानंतर येते, सात-आठ वर्षांच्या पुढे, आणि तीही मुलीने स्वतः मागितली तर. एका वाढदिवसाला मागितली आणि दुसऱ्या वाढदिवसालाही तीच मागतेय, नाव, पोशाख, केसांचा रंग सगळं सांगून, तर घ्या. तिथे कसर करू नका. त्या वयाच्या मुलीला फरक कळतो. तिला गुडघ्यात वळणारी हवी असेल तर ती घोड्यावर बसवायला हवी असते, आणि न वळणारी आणून "सारखीच आहे ती" म्हणणं हे तिला खोटं सांगणं आहे. तसं सांगण्यापेक्षा "यंदा जमणार नाही, पुढल्या चवथीला बघू" म्हणा. मुलं ते समजून घेतात.

आणि दुकानात गेल्यावर "स्वस्तातली दाखवा" एवढंच म्हणू नका, कारण त्या शब्दाला दुकानदार हमखास फर्स्ट कॉपी पुढे करतो. मी म्हणते, "डुप्लिकेट नको. आयएसआयवाली स्वस्त दाखवा." मग तो वाकतो, आणि काउंटरखालच्या फळीवरून साध्या खोक्यातली, एका फ्रॉकवाली बाहुली बाहेर काढतो.