गॅमा (डिजिटल प्रतिमा)

फाइलमधला आकडा आणि पडद्यावरून प्रत्यक्ष बाहेर पडणारा प्रकाश यांच्यातल्या घाताच्या नात्याला, आणि त्यातल्या घातांकालाही, गॅमा म्हणतात. संज्ञा फोटोग्राफीतून आली. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्लेटला मिळालेला प्रकाश आणि तिचा काळेपणा यांचा वक्र मांडला; त्याच्या सरळ भागाचा उतार म्हणजे त्यांचा गॅमा.

जुन्या काचनळीच्या टीव्हीत प्रकाश हा विद्युतदाबाच्या साधारण २.५ व्या घाताने वाढे. याचे श्रेय पुष्कळदा फॉस्फरला, म्हणजे पडद्यामागच्या चमकणाऱ्या लेपाला दिले जाते, ते चूक. हा गुण नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनचा. एलसीडीचा मूळ प्रतिसाद निराळाच असतो, पण आकडे बदलून देणाऱ्या आतल्या तक्त्याने तो २.२ च्या आसपास आणला जातो. नळी गेली तरी गॅमा टिकला, कारण तो डोळ्याला मानवतो. अंधाऱ्या छटांतला बारीक फरक आपल्याला चटकन दिसतो आणि गॅमामुळे जास्त आकडे त्याच छटांच्या वाट्याला येतात. आठ बिटांत, म्हणजे ० ते २५५ आकड्यांत, प्रकाश सरळ प्रमाणात साठवला, तर १ वरून २ वर जाताना तो दुप्पट होतो आणि सावल्यांत पट्टे उमटतात. २५४ आणि २५५ मधला फरक मात्र कुणालाच कळत नाही.

संगणकावर बहुतेक ठिकाणी एसआरजीबी (आयईसी ६१९६६-२-१, १९९९) हे रंगांचे मानक चालते. त्याचा घातांक २.४ असला, तरी काळ्याजवळचा छोटा तुकडा सरळ रेषेचा असल्याने एकूण वक्र २.२ च्या जवळ बसतो. त्यात १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. निम्म्यासाठी १८८ लागतो.

खरी गडबड इथेच होते. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा पट्ट्यांचे चित्र निम्मे लहान केले, की बरीच सॉफ्टवेअर ० आणि २५५ ची सरासरी १२८ काढतात आणि चित्र काळवंडते. रात्रीच्या आकाशातले तारे याच कारणाने विझल्यासारखे होतात. उपाय: आधी रेषीय प्रकाशात (प्रकाशाच्या सरळ प्रमाणातल्या आकड्यांत) रूपांतर, मग मापबदल, मग परत एसआरजीबी. मधली पायरी १६ बिटांत किंवा फ्लोटमध्ये (दशांशी आकड्यांत) करावी. आठ बिटांत केल्यास सावल्या फुटतात.

पडदा तपासायला हेच पट्टे पुरतात. तो अर्धा तास तापू द्यावा, पट्ट्यांशेजारी १८८ चा सपाट करडा चौकोन ठेवावा आणि समोरून, थोडे लांबून पाहावे. दोन्ही एकजीव दिसले तर गॅमा ठीक. चौकोन गडद दिसला तर जास्त, उजळ दिसला तर कमी. पडद्याचे रिझोल्यूशन मूळचे आणि झूम १०० टक्केच हवा, नाहीतर पट्टे आधीच मिसळतात आणि तपासणी पडद्याऐवजी मापबदलाची होऊन बसते.