‘चारा नाही’ म्हणजे वैरण संपली नव्हे

सोलापुरात कडब्याचा दर शेकड्यावर बोलला जातो. त्यामुळे ‘आता दुसरा चारा नाही’ हे वाक्य दुष्काळातून आलं, असं इथे कुणालाही सहज पटतं. १९७२ साली दावणीला घालायला काही उरलं नाही, तेव्हापासून लोक असं बोलू लागले, ही कहाणी मीही लहानपणापासून ऐकली आहे. ती खरी नाही.

मराठीत चारा हे दोन वेगळे शब्द आहेत. दिसतात सारखे, घराणी वेगळी. गुरांचा चारा संस्कृत ‘चर्’ धातूकडचा: गाय चरते, गुराखी तिला चारतो, ती खाते तो चारा. चिमणी पिल्लाच्या उघड्या चोचीत घालते तोही चाराच. ‘चारा नाही’मधला चारा मात्र फारसी. तिथे ‘चारा’ म्हणजे उपाय, इलाज.

पुरावा आपल्याच तोंडात आहे. ‘बे’ म्हणजे विना. ज्याच्याकडे उपाय नाही तो बेचारा, आपला बिचारा. त्याचा ‘विचार’ या शब्दाशी संबंध नाही. ‘लाचार’मधला ‘ला’ अरबी नकाराचा, पुढचा ‘चार’ तोच फारसी. लाचार माणसाची वैरण संपलेली नसते, मार्ग संपलेला असतो.

आणि हे शब्द १९७२च्या कितीतरी आधीपासून मराठीत आहेत. दुष्काळाने आपल्याला पुष्कळ शब्द दिले, छावणीला नवा अर्थ दिला. हा शब्दप्रयोग त्यातला नाही.