आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर नावावर करताना अर्ज कुठे अडकतो

दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी घरी कपाट आवरायला काढतात आणि मला फोन येतो. आजोबा फौजेत होते, गेल्या वर्षी गेले. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालंय. मुठीच्या बुडाशी दोरी अडकवायची कडी, लांब नळी, हातात घेतलं तर किलोभराच्या वर वजन. "काका, नावावर करून घ्यायचंय, आणि एकदा तरी गोळी झाडून बघायचंय."

लोक ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात. कायद्याच्या लेखी ती दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चिकाटीनं होऊ शकतं. दुसरं बहुतेक वेळा होत नाही, आणि ते का होत नाही हे कुणी आधी सांगत नाही. मी वकील नाही. पुण्यातल्या रायफल क्लबात नव्या सभासदांचे अर्ज तपासून द्यायचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे परत आलेले अर्जही भरपूर पाहिले. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

आधी एक काम करा. हत्याराला हात न लावता आजोबांची परवान्याची वही शोधा आणि तिच्यात 'बोअर' (नळीचं माप, इंचात) पुढे काय लिहिलंय ते वाचा. सगळा खेळ त्या आकड्यावर आहे. .३२ असेल तर अर्जाचा रस्ता पुण्यातच संपतो. .४५५ किंवा .३८० असेल तर प्रकरण दिल्लीला जातं. ब्रिटिश फौजेचं वेब्ली मार्क ६ (१९१५ पासूनचं) .४५५ चं आणि १९३२ नंतरचं एनफील्ड .३८० चं, म्हणजे आपल्याकडच्या कपाटांतून निघणारी फौजी हत्यारं बहुतेक याच दोन आकड्यांची.

इथे मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, कॅलिबर मोठं म्हणून बंदी. तसं नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत जे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाला कड असलेली), अथवा फौजी ९ एमएम किंवा .४५ ची बिनरिमची काडतुसं घेऊन झाडू शकतं, ते वेगळ्या वर्गात टाकलंय. सैन्याची गोळी त्यात बसते, एवढाच मुद्दा. .३५७ मॅग्नम वेब्लीपेक्षा बरंच जोरकस, पण ते या यादीत नाही. तर्क कुणाला पटो न पटो, परवाना कचेरीच्या खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. बोलीभाषेत या वर्गाला 'पीबी' (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात, बाकीच्याला 'एनपीबी' (नॉन-प्रोहिबिटेड बोअर). २०१६ च्या नियमांत शब्द बदललेत, खिडकीवर मात्र अजून पीबी-एनपीबीच चालतं. पीबीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मिळत नाही. अर्ज मात्र द्यायचा पुण्यातच. परस्पर दिल्लीला पत्र पाठवणारे दोघे मला माहीत आहेत. दोघांचीही पत्रं 'संबंधित परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा' या एका ओळीसह परत आली.

आता तारखेची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वहीवर 'वैध: डिसेंबर २०२७ पर्यंत' असं असतं आणि घरचे निर्धास्त असतात. परवाना घराला नसतो, माणसाला असतो. माणूस गेला की त्याच दिवशी त्या वहीचा आधार संपला, वर तारीख कुठलीही असो. त्यानंतर हत्यार कपाटात ठेवणं म्हणजे विनापरवाना बाळगणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम २५(१ब) खाली त्याला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. कलम २१ म्हणतं, विनाविलंब जमा करा: जवळच्या पोलिस ठाण्यात, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे. 'विनाविलंब' म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तेराव्याच्या गडबडीत कुणाला हे सुचत नाही हे मलाही कळतं. पण तपासणारा अधिकारी मृत्यू दाखल्यावरची तारीख आणि जमा पावतीवरची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघतो. मध्ये दोन वर्षं गेली असतील तर पहिला प्रश्न तोच येतो.

आणि कृपा करून ते रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून, स्कूटरला अडकवून ठाण्यात नेऊ नका. कोथरूडच्या एका सज्जन गृहस्थांनी हेच केलं. भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. ठाणे अंमलदार भला माणूस होता म्हणून प्रकरण निभावलं. दुसऱ्याचं हत्यार न्यायची सवलत परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी संमतीनं असते, आणि इथे परवानाधारकच हयात नाही. आधी रिकाम्या हातानं जा. मृत्यू दाखल्याची आणि वहीची प्रत जोडलेला अर्ज द्या, हत्यार कसं जमा करायचं ते विचारा, अर्जावर पोच घ्या. ते सांगतील तसं जमा करा. पावतीवर हत्याराचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या, तिन्ही हवं. 'एक जुने रिव्हॉल्व्हर' एवढंच लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नका. पुढे वारसाच्या अर्जात हाच क्रमांक जुळवून बघतात.

वारसाचा अर्ज शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली होतो. मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो, पण वारस स्वतः पात्र हवा: वय २१ पूर्ण, गुन्हा नाही, प्रकृती ठीक. आजोबांची पुण्याई इथे कामाला येत नाही. एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वीची तीनची मर्यादा २०१९ ला गेली, आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजतात. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर अर्ज करून वेळ घालवू नका. घरातल्या दुसऱ्या वारसाचा विचार करा.

अडकतं ते नाहरकतीपाशी. उरलेल्या सगळ्या वारसांची नाहरकत लागते, आणि 'सगळ्या' म्हणजे सगळ्या. लोक काकांच्या, चुलत्यांच्या सह्या आणतात आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांना विसरतात. आत्या सांगलीला, तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि तिला कळतं तेव्हा प्रश्न रिव्हॉल्व्हरचा राहतच नाही, वीस वर्षांपूर्वीच्या बांगड्यांपर्यंत जातो. अमेरिकेतल्या भावानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला सहीचा फोटो चालत नाही. तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन मूळ कागद यायला हवा. सह्यांचं काम आधी उरका, अर्ज नंतर भरा. उलटं केलं तर अर्ज त्रुटीत पडून राहतो.

दुसरा कागद म्हणजे यूआयएन. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला हा क्रमांक नसलेले परवाने २९ जून २०२० नंतर अवैध ठरले. म्हाताऱ्या माणसांनी तो घेतलेलाच नसतो, कारण तेव्हा लॉकडाऊन होतं आणि नातवाला फुरसत नव्हती. वहीत यूआयएन नसेल तर ते लपवू नका, अर्जात स्वतःहून लिहा. लपवलेलं पोलिस अहवालात निघतं, आणि मग नकाराचं कारण यूआयएन राहत नाही, माहिती दडवली हे होतं.

आजोबा हयात असतील तर हे सगळं टाळता येतं. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो स्वतः वारस सुचवू शकतो. म्हातारा माणूस स्वतः अर्ज देत असला की काम किती सोपं जातं, हे एकदा बघावं. पण आपल्याकडे हा विषय जिवंतपणी काढणं म्हणजे अभद्र बोलणं!

मध्येच कुणीतरी सांगतं, "अहो, जुनं हत्यार आहे, परवाना लागतच नाही." हे अर्धवट वाचन आहे. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीनं 'क्युरिओ' (संग्रहाच्या जुन्या वस्तू) वर्गातली हत्यारं परवान्याशिवाय बाळगायला मुभा दिली, हे खरं. त्याच वाक्याचा पुढचा भाग असा, की ते वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्याची काडतुसं कुणी विकायची नाहीत. शिवाय आपलं हत्यार त्या वर्गात बसतं की नाही, हे घरबसल्या आपणच ठरवायचं नसतं. कलम ४५ मधली जुन्यापुराण्या हत्यारांची सूटही दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही अशाच वस्तूला आहे. तेलपाणी केलेलं, घोडा ओढला की चक्र फिरणारं वेब्ली त्यात येत नाही.

अर्ज कुठे द्यायचा, याचा पुण्यात वेगळाच घोळ आहे. पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्त परवाना देतात. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं, चाकण, तळेगाव, देहूरोड तिकडे गेलं. उरलेल्या ग्रामीण भागाला जिल्हाधिकारी. मालमत्ता कर कुठल्या पालिकेला भरता यावर काही ठरत नाही, घर कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत येतं ते बघा. लोणीकंद आणि लोणी काळभोर ठाणी २०२१ मध्ये ग्रामीणमधून शहरात आली. त्यामुळे वाघोलीच्या बंगल्यातल्या आजोबांची वही जिल्हाधिकाऱ्यांची, आणि नातवाचा अर्ज मात्र आयुक्तालयात. जुनी फाईल इकडून तिकडे मागवावी लागते. ती आपणहून येत नाही. जावक क्रमांक घेऊन मागे लागावं लागतं.

ऑनलाइन अर्ज, फोटो, ओळख आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी: यात काही अडत नाही. अडतो तो एस-३, म्हणजे वैद्यकीय दाखला. डॉक्टर नेहमीच्या सवयीनं 'प्रकृती उत्तम' लिहून मोकळे होतात. मानसिक स्वास्थ्य आणि दारू वा अमली पदार्थांचं व्यसन नाही, हे स्वतंत्रपणे लिहिलेलं असावं लागतं. छापील नमुना सोबत न्या. आणि सातबारा, आयकर विवरणाची थप्पी जोडू नका. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे, कलम १४(२). तरी लोक जोडतात आणि बाबू ठेवून घेतो.

आता झाडून बघायची हौस. वेब्ली नावावर झालं, तरी .४५५ ची ताजी काडतुसं दुकानात मिळत नाहीत. कपाटात सापडतात ती बुडाला 'केएफ' शिक्का असलेली, म्हणजे आपल्या खडकीच्याच कारखान्यातली, आणि वयानं तुमच्या वडिलांएवढी. ती झाडू नका. दारू, टोपी, पितळ, कशाचाच भरवसा नसतो. घरी काडतूस भरणं म्हणजे विनापरवाना उत्पादन, त्याला वेगळं कलम. मुळशीच्या शेतावर 'एकच बार' काढायचा विचारही नको. २०१९ नंतर आनंदाच्या भरात, बेदरकारपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. स्पर्धेतही वेब्लीला जागा नाही: २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढंच कॅलिबर चालतं, आणि .४५५ इंच म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, त्याच्या बरंच पुढे जातं.

रिव्हॉल्व्हर झाडायची ओढ खरीच असेल तर .३२ घ्या. कानपूरचं सरकारी .३२ या मापात बसतं. त्यासाठी खेळाडू म्हणून अर्ज करायचा, पण परवानाप्राप्त शूटिंग क्लबचे निदान दोन वर्षं सक्रिय सभासद असायला हवं. 'सक्रिय' या शब्दावर अर्ज पडतात. वर्गणीची पावती पुरत नाही. रेंजवरची हजेरी आणि स्पर्धेतले गुण लागतात. बालेवाडीच्या रेंजवर दोन पावसाळे काढलेल्यांचं काम होतं, आदल्या महिन्यात सभासद झालेल्यांचं होत नाही. त्यात 'जीवाला धोका' हेही कारण जोडायचा मोह टाळा. एफआयआर नसताना ते लिहिलं की खेळाडू म्हणून केलेला चांगला अर्जही संशयात येतो.

पोलिस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यापासून निर्णयाला ६० दिवस, असं नियमात आहे. प्रत्यक्षात निवडणुका लागल्या की सगळं थांबतं, आणि पुण्यात कुठली ना कुठली निवडणूक असतेच. तोंडी 'नाही' घेऊन परत फिरू नका, लेखी आदेश मागा. अपिलाचे ३० दिवस त्या आदेशापासून धरतात. आयुक्तालयानं नाकारलं तर अपील मंत्रालयात गृह विभागाकडे, जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर विभागीय आयुक्तांकडे. मिळालेला परवाना पाच वर्षांचा असतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. वहीवरच्या तारखेतून दोन महिने वजा करा आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका.