बेळगावात गेमची वाट बघणं : पार्श्वभूमी

‘जीटीए सिक्स’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) या व्हिडिओ गेमची सध्याची जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. आधी नुसतंच २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६ ठरलं, मग ही तारीख आली. टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत जी पोरं, आणि आता तिशी-चाळिशीत पोचलेली माणसं, या तारखेवर डोळे लावून बसली आहेत, ती तारीख पुढं गेली म्हणून खचणारी नाहीत. इथल्या गेमरला वाट कायम दोनदा बघावी लागली आहे. एकदा गेम जगात येण्याची, आणि नंतर तो आपल्यापर्यंत पोचण्याची. पहिली वाट गेम बनवणाऱ्यांच्या हातात असते. दुसरी कधी नेटवर अडली, कधी क्रेडिट कार्डावर, कधी सर्व्हरवर, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती कर्नाटकातल्या जुगाराच्या कायद्यातल्या एका व्याख्येवर अडली. त्या शेवटच्या अडथळ्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हे टिपण मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

टीव्हीला जोडायच्या कॅसेटचा काळ सोडून देऊ, तो सगळीकडं सारखाच होता. खरी सुरुवात सायबर कॅफेपासून. काउंटर-स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स आणि व्हाइस सिटी या तिघांवर बेळगावची एक अख्खी पिढी वाढली. व्हाइस सिटीनंतरचा जीटीए, ‘सॅन अँड्रियाज’, पीसीवर जून २००५ मध्ये आला. त्याच वर्षी जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं होतं, आणि त्यातल्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असायचं. २५६ केबीपीएसच्या वेगानं त्या सहा तासांत फार तर सहाशे-सातशे एमबी उतरायचे, म्हणजे डीव्हीडीभर गेम उतरवायला आठवडा. दोनचा गजर लावून उठायचं, टॉरेंट चालू करायचं, मॉनिटर बंद करायचा म्हणजे घरच्यांना उजेड दिसत नाही, आणि आठच्या आत बंद करायचं, नाहीतर महिन्याचं बिल वडलांच्या हातात पडायचं. मध्येच लाइट गेली की तेवढी रात्र वाया. हे करताना आपण चोरी करतोय हे कळत होतं. पण मूळ डिस्क गावात मिळाली तरी तिची किंमत कुणाच्या खिशाला परवडणारी नव्हती.

ऑनलाइन रोल-प्लेइंग जगांचं, म्हणजे हजारो जण एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन खेळतात त्या गेमांचं, तर तेही नव्हतं, कारण ती उतरवून घेता येत नाहीत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २३ नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत सुरू झाला आणि काही महिन्यांत युरोपात. महिन्याला पंधरा डॉलरच्या आसपास वर्गणी, तीही आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणाऱ्या कार्डानं. असं कार्ड घरात असलेली घरं तेव्हा गल्लीत एखाददुसरी. भारतात सर्व्हर नाही. युरोपच्या सर्व्हरवर जाऊन पिंग, म्हणजे बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या खाली आला तर नशीब. त्यातून तिथल्या चाळीस जणांनी मिळून करायच्या रेडला, म्हणजे मोठ्या मोहिमेला, संध्याकाळी आठची वेळ ठरली, की आपल्याकडं साडेबारा वाजलेले, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं कॉलेज गेलं. हीलर म्हणून, म्हणजे साथीदारांना बरं करायला, खेळणाऱ्यानं बटण दाबावं आणि पुढं मार झेलणारा टँक तोवर मरून पडलेला असावा, हा अनुभव इथल्या ज्या थोड्यांनी घेतला त्यांना तो आजही खुपतो. ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’चा भारतीय सर्व्हर काही काळ चालला आणि बंद पडला. बाकीच्यांनी अनधिकृत खासगी सर्व्हरवर भागवलं, नाहीतर मासिकांतले स्क्रीनशॉट बघितले. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी ही जगं वाचायची आणि ऐकायचीच गोष्ट राहिली. त्यामुळं त्यांची ओढ कमी झाली नाही, उलट वाढली.

फोन आल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. २०१९ च्या सप्टेंबरात शहरालगतच्या एका गावातल्या खुनाशी या गेमचं नाव जोडलं गेलं आणि बेळगावातल्या प्रत्येक घरात ‘ते पबजी बंद कर आधी’ सुरू झालं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) होऊन परतला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला, या वेळी अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. या आल्यागेल्याची चर्चा देशभर झाली. कर्नाटकातल्या कायद्याची मात्र झाली नाही.

तो कायदा समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि जुगाराबाबत मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा होता. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट होती. हा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेल्यावर पुढं १९६३ चा पोलीस कायदा आला, आणि त्याच्या कलम १७६ मध्येही कौशल्याच्या खेळांची सूट कायम राहिली. म्हणजे हद्दीपलीकडची शिनोळी महाराष्ट्रात आणि बेळगाव कर्नाटकात, पण या एका मुद्द्यावर दोन्हीकडचा विचार कित्येक वर्षं एकच होता : नशिबाचा खेळ तो जुगार, कसबाचा तो नव्हे.

सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधिमंडळानं पोलीस कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि ५ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. कारण खरं होतं. ऑनलाइन रमी आणि पैजेच्या अ‍ॅपांनी घरं बुडवली होती, आणि ज्यानं असं एखादं घर जवळून बघितलंय त्याला या कायद्यामागचा राग समजेल. गोंधळ झाला तो शब्दांत. पैज म्हणजे काय, याची नवी व्याख्या अशी केली, की एखाद्या घटनेचा निकाल माहीत नसताना त्यावर पैसे ‘किंवा अन्य काही’ धोक्यात घालणं, आणि त्यात कौशल्याचा खेळही आला. पैशाच्या मोबदल्यात मिळणारी टोकनं आणि आभासी चलनही आलं. सूट कुणाला? लॉटरीला आणि रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या शर्यतीला. घोड्यावर लावलेला पैसा चालतो आणि स्वतःच्या नेमबाजीवर लावलेला चालत नाही, हे कुठल्याही गेमरला पटणारं नव्हतं आणि मलाही ते पटलेलं नाही. त्याआधी महिनाभरच, ऑगस्टमध्ये, तमिळनाडूतला असाच कायदा तिथल्या उच्च न्यायालयानं रद्द केला होता. तो निकाल समोर असताना हा मसुदा पुढं नेला गेला.

बेळगावच्या गेमरवर याचा परिणाम कसा झाला ते बघायचं तर कस्टम रूम, म्हणजे ठरावीक खेळाडूंनाच घेऊन लावलेली खासगी मॅच, बघावी. गावातला एखादा पोरगा रूम लावतो. एन्ट्री पन्नास रुपये, यूपीआयनं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की स्लॉट नंबर मिळतो. मॅचच्या दहा मिनिटं आधी रूमचा आयडी आणि पासवर्ड येतो. मरण्याआधी किती किल घेतले आणि कितवा नंबर आला यावर पॉइंट, आणि पहिल्या तिघांना बक्षीस. यात नशीब थोडं असतं, झोन, म्हणजे आवळत जाणारं खेळाचं वर्तुळ, कुठं येईल तेवढंच. बाकी सराव. क्रिकेटची स्पर्धा भरते तिलाही एन्ट्री फी असते, आणि चषकासोबत रोख रक्कम असते. ती गल्लीच्या मैदानात चालायची आणि फोनवरची कायद्याच्या कक्षेत येते की काय, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. वकिलाला विचारावं तर तो म्हणायचा, व्याख्या इतकी सैल आहे की लावली तर लागेल. सामूहिक जुगाराचं ठिकाण चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली. पन्नास रुपयांच्या रूमसाठी हा धोका कोण पत्करणार?

आणि हे सगळं हद्दीवर. पैशांच्या गेमची अ‍ॅपं फोनचं लोकेशन बघून ‘तुमच्या राज्यात ही सेवा उपलब्ध नाही’ सांगायची. वेंगुर्ले रस्त्यानं शिनोळीत शिरलं, किंवा निपाणीहून कागलकडं गेलं, की तोच फोन महाराष्ट्रातला. चंदगडचा पोरगा आणि बेळगावचा पोरगा एकाच स्क्वाडमध्ये खेळायचे, एकाच कॉलेजात शिकायचे, आणि एन्ट्री भरणं एकाला मोकळं तर दुसऱ्याला संशयाचं होतं. राज्य बदललं की नियम बदलतो, हे सीमाभागाला नवं नाही. इथं बीएसएनएलच्या काळापासून कोल्हापुरात शिकणाऱ्या पोराच्या बेळगावच्या सिमला रोमिंग लागायचं. पण खेळ हद्दीवर अडल्याचं इथल्या पोरांनी पहिल्यांदाच बघितलं.

१४ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं या दुरुस्तीची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. नेमकी निकालाच्याच दिवशी केंद्राच्या ५४ अ‍ॅपवरच्या बंदीची बातमी आली, त्यात फ्री फायर होता. स्वस्त फोन असलेल्या वडगाव-अनगोळच्या पोरांचा तोच मुख्य गेम. कायदा पडल्याचा आनंद कुणी केला असेल तर तो फार टिकला नाही.

आता येणाऱ्या गेमची वाट बघणाऱ्यानं हे जुनं प्रकरण का उकरावं, तर नव्या ऑनलाइन रोल-प्लेइंग जगांमुळं. त्यातली बरीच फुकट उघडतात आणि आतल्या चलनावर जगतात. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ घ्या, २८ सप्टेंबर २०२० ला आलेला. पात्र मिळवायच्या एका सोडतीला, म्हणजे विशला, १६० प्रिमोजेम हे आतलं चलन लागतं. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्र मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या विशपर्यंत नाही मिळालं तर तेव्हा एक पंचतारांकित नक्की मिळतं. प्रिमोजेम खेळून साठतात आणि पैसे भरूनही मिळवता येतात. जिंकलेलं पात्र विकून रुपये काढण्याची अधिकृत सोय नाही. हे २०२१ च्या व्याख्येत बसतं का? पैसे आहेत, निकाल अनिश्चित आहे, टोकन आहे. शब्दशः वाचलं तर बसतं. ही नुसती कल्पना नाही. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्यांना, जुगार ठरवलं, आणि त्यानंतर ‘लॉस्ट आर्क’ आणि ‘डायब्लो इम्मॉर्टल’ २०२२ मध्ये आले तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आलेच नाहीत. तिथल्या गेमरनी वर्षानुवर्षं वाट बघितली आणि तारखेच्या दिवशी त्यांचा देश यादीत नव्हता. नशिबानं पात्र निघण्याच्या या पद्धतीला गाचा म्हणतात; तिच्यावर बंधन असायला मी विरोध करणार नाही, बारा वर्षांच्या पोराच्या हातात ०.६ टक्क्यांचं आमिष देणं वाईटच. पण ते बंधन गाचाचं नाव घेऊन, शक्यता उघड सांगण्याची आणि खर्चाची मर्यादा घालून यावं. रमीसाठी विणलेल्या जाळ्यात ते चुकून अडकू नये.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्यानं चित्र बदललं. पैशांच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी, कौशल्याचा असो की नशिबाचा. त्याच वेळी ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे गेम) वेगळे काढून त्यांना मान्यता, आणि ‘ऑनलाइन सोशल गेम’ नावाचा तिसरा गट. या गटात वर्गणी किंवा एकदाच द्यायची प्रवेश फी चालते, ती पैज म्हणून दिलेली नसली की झालं. वर्गणीवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग जगांना आपल्या कायद्यात पहिल्यांदाच अशी स्वतःची जागा मिळाली, आणि ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पंधरा डॉलरसाठी कुणाच्या तरी मामाचं कार्ड मागितलं होतं त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र पैशाच्या जागी लावता येणाऱ्या ‘अन्य गोष्टी’ सांगताना क्रेडिट, नाणी, टोकन हे शब्द याही कायद्यात आहेत. असं काही लावून त्याच्या बदल्यात जिंकून नफा पदरात पडण्याची अपेक्षा असली तर तो पैशाचा गेम. गाचातलं पात्र पदरात पडणं म्हणजे नफा की नुसती हौस, याचं उत्तर व्याख्येत नाही. बेळगाव-शिनोळीचा फरक तेवढा मिटला, आता दोन्हीकडं कायद्याचे शब्द एकच.

सर्व्हरचा प्रश्न अजून आहे तिथंच आहे. नेमबाजीच्या गेमांनी मुंबईत सर्व्हर आणले, व्हॅलोरंटनं २०२० मध्येच. रोल-प्लेइंग जगांत मात्र आपण अजून बहुतेकदा सिंगापूर नाहीतर युरोपातूनच शिरतो. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जगावरचा एमएमओ, म्हणजे असाच हजारोंनी एकत्र खेळायचा गेम, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. मार्च २०२४ मध्ये काम नव्यानं सुरू केल्याचं आणि बराच काळ काही ऐकू येणार नसल्याचं बनवणाऱ्यांनी सांगितलं. ‘एल्डर स्क्रोल्स सिक्स’ या रोल-प्लेइंग गेमची पहिली झलक जून २०१८ ची, त्यानंतर तारीख नाही. जीटीए सिक्स १९ नोव्हेंबरला आला तरी तो पीएसफाइव्ह आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, पीसीची तारीख जाहीर केलेली नाही. मागच्या वेळी ‘जीटीए फाइव्ह’ सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर आला होता, म्हणजे एकोणीस महिने. बेळगावातल्या बहुतेकांकडं पीसी आहे किंवा फोन, त्यामुळं त्यांची वाट २०२८ पर्यंतही जाऊ शकते.