डिजिटल मालाची सुरक्षित विक्री
ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, फॉन्ट, शिकवणीचे व्हिडिओ असा माल पैसे जमा झाल्याची खातरजमा करून योग्य ग्राहकाच्याच हाती देण्याची कार्यपद्धती. छापील प्रत परत मागवता येते. एकदा उतरवून घेतलेली फाइल परत येत नाही. त्यामुळे पैसे जमा होणे आणि फाइल खुली होणे यांमधल्या काही क्षणांवरच सगळी भिस्त असते.

यूपीआय (२०१६) आल्यापासून लहान विक्रेत्यांत रूढ झालेली रीत म्हणजे ग्राहकाने क्यूआर कोडवर पैसे भरायचे, व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट धाडायचा आणि विक्रेत्याने पीडीएफ पाठवायची. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो सहज बनवता येतो. संकेतस्थळावर ‘पैसे मिळाले, आभारी आहोत’ हे पान उघडले म्हणून फाइल देणेही तितकेच धोक्याचे. कोथरूडहून पीएमपीच्या बसने निघालेल्या वाचकाने दिवाळी अंकाचे १४९ रुपये भरले आणि नेमके नेट गेले, तर ते पान उघडतच नाही. उलट त्या पानाचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही ते फुकट उघडू शकतो.

म्हणून निर्णय पेमेंट गेटवेकडून (ग्राहकाचे पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेकडून) विक्रेत्याच्या सर्व्हरला थेट येणाऱ्या सूचनेवर सोडावा. तिला ‘वेबहुक’ म्हणतात. हा शब्द २००७ च्या सुमारास जेफ लिंडसे यांनी रूढ केला असे सामान्यतः मानले जाते. मात्र पेपाल या पेमेंट सेवेची, पैसे जमा होताच विक्रेत्याला कळवणारी ‘आयपीएन’ ही सोय त्याआधीची असल्याने शब्द नवा, पद्धत जुनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सूचना खरी की बनावट, हे ‘एचमॅक’ या गुप्त किल्लीने काढलेल्या डिजिटल स्वाक्षरीवरून कळते. बेलारे, कॅनेटी व क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही रीत १९९७ मध्ये आरएफसी २१०४ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली. गेटवे आणि विक्रेता यांनाच ठाऊक असलेली किल्ली वापरून दोघेही संदेशाची स्वाक्षरी काढतात. जुळली तरच संदेश खरा. ही पडताळणी संदेश जसा आला तसाच घेऊन करावी. आधी उलगडून पुन्हा जुळवला, तर एखादी मोकळी जागा बदलली तरी स्वाक्षरी चुकते आणि खरा ग्राहक ताटकळतो. रक्कमही ताडावी, काही गेटवे ती पैशांत कळवतात, म्हणजे १४९ रुपयांचे १४९००. एकच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून ती ओळखता यावी यासाठी ऑर्डर क्रमांक नोंदलेला हवा.

फाइल सर्वांना खुल्या फोल्डरमध्ये नसावी. ठरावीक वेळाने बाद होणारी स्वाक्षरीयुक्त लिंक ईमेलने जावी. पानोपानी ग्राहकाचे नाव छापल्याने नक्कल थांबत नाही, पण ती कोणाच्या प्रतीवरून झाली हे कळते. कार्डाचे क्रमांक साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना मनाई केली आहे.