तारीख-अक्षावरील लेबले (वेब आलेख)

वेब पानावरील आलेखात आडव्या अक्षाखाली दिवस, महिना किंवा वर्ष दाखवणारा जो मजकूर येतो, त्याला तारीख-अक्षावरील लेबले म्हणतात. ही लेबले कधी एका दिवसाने सरकतात, कधी एकमेकांवर चढतात, कधी सगळीच्या सगळी १९७० साल दाखवतात, तर कधी उमटतच नाहीत. अशा दोषांची कारणे आणि ती शोधण्याची रीत या नोंदीत दिली आहे. उदाहरणे खानदेशातील, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील आहेत. केळी व कापसाचे भाव, नंदुरबारच्या मिरचीची आवक, हतनूर धरणाचा साठा, भुसावळचे उन्हाळी तापमान ही सगळी माहिती तारीखवार असते आणि ती आता मोबाइलवरच्या आलेखात पाहिली जाते. रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्याला केळीचे घड आज उतरवायचे की चार दिवस थांबायचे हे ठरवायचे असते. तयार झालेला माल त्याच्यासाठी थांबत नाही. आलेखातला भाव कालचा की परवाचा हे त्याला नेमके कळले पाहिजे, म्हणून तिथे एका दिवसाची चूक लहान मानता येत नाही.

लेबल बिघडलेले दिसले की आलेख तयार करणाऱ्याचा हात आधी लेबलाच्या मांडणीकडे जातो: अक्षर लहान करून पाहा, तिरके करून पाहा, फॉरमॅट बदलून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. आलेखापर्यंत तारीख कोणत्या रूपात पोचली, हे पाहिल्याशिवाय मांडणीला हात लावू नये.

तारीख कोणत्या रूपात येते

जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संगणकीय भाषेच्या ‘डेट’ या प्रकारात निव्वळ तारीख साठवण्याची सोय नाही. त्यात साठवला जातो तो एक क्षण, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेतील (यूटीसी) मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद. बाजार समितीच्या नोंदवहीत ‘१ एप्रिल’ हा आख्खा दिवस असतो, आलेखाच्या लेखी तो त्या दिवसातला एक ठिपका होतो. पुढचे बरेचसे घोटाळे या एका फरकातून निघतात.

आकड्याच्या रूपात आलेली तारीख तपासायला सोपी असते. अलीकडची तारीख सेकंदांत असेल तर आकडा १० अंकी असतो, मिलिसेकंदांत असेल तर १३ अंकी. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वापरला की सगळे बिंदू जानेवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यात एकमेकांना चिकटून बसतात. उपाय हजाराने गुणण्याचा. एक्सेलमधून थेट आलेला आकडा पाच अंकी दिसतो. ४५३८३ म्हणजे १ एप्रिल २०२४, कारण एक्सेल दिवस मोजते आणि तिची मोजणी १९०० पासून सुरू होते. त्यातून २५५६९ वजा करून उरलेले दिवस मिलिसेकंदांत बदलले की बरोबर तारीख मिळते. तसे न करता तो आकडा तसाच आलेखाला दिला, तर भारतात प्रत्येक लेबल ‘१ जानेवारी १९७०, ०५:३०’ असे येते.

मजकुराच्या रूपात आलेली तारीख अधिक त्रास देते, कारण ती अर्धी बरोबर वाचली जाऊ शकते. आपण ०३/०४/२०२४ लिहितो ते ३ एप्रिल म्हणून. ब्राउझर ते अमेरिकी पद्धतीने ४ मार्च असे वाचतो. १३/०४/२०२४ त्याला वाचताच येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखांचे भाव वर्षभर विखुरतात आणि १३ तारखेपासून पुढचे भाव गायब होतात. आलेखात ठरावीक अंतराने भगदाडे आणि मधेच न शोभणारे उंचवटे दिसले, तर पहिला संशय दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचा घ्यावा. हीच गडबड एक्सेलमध्ये आधीच झालेली असू शकते. त्याची खूण डोळ्यांनी ओळखता येते: ज्या तारखा एक्सेलला कळल्या त्या रकान्यात उजवीकडे सरकतात आणि न कळलेल्या, मजकूरच राहिलेल्या, डावीकडे उभ्या राहतात. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या, तर उजवीकडच्याही भरवशाच्या नसतात.

देवनागरी अंकांत भरलेल्या तारखा ब्राउझरला मुळीच वाचता येत नाहीत. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या तक्त्यात ‘०१/०४/२०२४’ असे अंक देवनागरीत असतील, तर ते आधी इंग्रजी अंकांत बदलावे लागतात. (या नोंदीत सर्वत्र देवनागरी अंक छापले आहेत ते फक्त वाचण्यासाठी.) महिना वेगळ्या आकड्याने देताना जावास्क्रिप्ट जानेवारीला शून्य मानते, म्हणून एप्रिलसाठी ४ लिहिले की मे येतो. लेबले सरसकट एक महिना पुढे गेलेली दिसतात ती यामुळे. दोन अंकी वर्ष याच पद्धतीने दिले, तर २४ चे १९२४ होते.

साडेपाच तासांचा फरक

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्री बारा वाजून १ एप्रिल सुरू होतो, तेव्हा जागतिक घड्याळात ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारीख निवडणाऱ्या चौकटीतून १ एप्रिल निवडला, त्याचा ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ने (ही सोय मजकूर जागतिक वेळेत देते) मजकूर केला आणि पहिले दहा वर्ण कापून साठवले, तर साठवला जातो तो ३१ मार्च. भारतात तयार होणाऱ्या वेब पानांवर हा दोष फार आढळतो, आणि तो विशेष वाईट, कारण आलेख पूर्ण व नीटनेटका दिसतो, फक्त प्रत्येक भाव एक दिवस आधीचा वाटतो. आर्थिक वर्षाच्या टोकाला तर १ एप्रिलचा सौदा मागच्या वर्षात जाऊन बसतो.

उलट दिशेचा दोष वेगळ्या रूपात येतो. ‘२०२४-०४-०१’ असा केवळ तारखेचा मजकूर ‘डेट’ला दिला, तर तो जागतिक वेळेतील मध्यरात्र मानला जातो. भारतात त्याचे सकाळचे साडेपाच होतात. दिवस बरोबर राहतो, पण लेबलात वेळ दाखवली असेल तर सगळीकडे ०५:३० दिसते. या खुणेकडे ‘चालतंय की’ म्हणून दुर्लक्ष करू नये. तोच आलेख अमेरिकेत असलेल्या मुलाने उघडला, तर त्याला ३१ मार्च दिसेल. त्याच मजकुराला पुढे वेळ जोडली आणि टाइम झोन लिहिला नाही, तर ब्राउझर तो स्थानिक वेळ मानतो. दोन जवळपास सारखे दिसणारे मजकूर असे दोन वेगळ्या नियमांनी वाचले जातात.

त्यात आलेखाच्या लायब्ररीचा, म्हणजे आलेख काढून देणाऱ्या तयार कोडचा, स्वतःचा स्वभाव मिसळतो. हायचार्ट्स आणि एपेक्सचार्ट्स काही सांगितले नाही तर जागतिक वेळेत लेबले काढतात. चार्ट-जेएस सर्वसाधारणपणे पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेत काढते. डी-थ्रीमध्ये दोन्ही सोयी वेगवेगळ्या नावांनी आहेत. अक्ष एका वेळेचा आणि फॉरमॅट दुसऱ्या वेळेचा घेतला, की अक्षावरची खूण एका दिवशी आणि तिच्याखालचे नाव दुसऱ्या दिवसाचे, असा प्रकार होतो.

यावर साडेपाच तास हाताने मिळवून मोकळे होणे हा उपाय नव्हे. तो एका ब्राउझरपुरता बरोबर दिसतो आणि सर्व्हर बदलला किंवा पाहणारा परदेशात असला की उलटतो. रोजचा भाव ही दिवसाची गोष्ट आहे. तिला वर्ष-महिना-दिवस या क्रमाच्या मजकुरातच साठवावे आणि वाचताना व दाखवताना दोन्हीकडे जागतिक वेळच धरावी. ज्या नोंदीत घड्याळाची वेळ खरोखर महत्त्वाची आहे, जसे भुसावळचे तासातासाचे तापमान किंवा हतनूरमधून होणारा विसर्ग, तिथे पूर्ण क्षण साठवावा आणि लेबलासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा टाइम झोन उघडपणे सांगावा.

पावसाचा आलेख इथे वेगळा काढावा लागतो. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी ८.३० वाजता घेतात. १५ जुलैच्या नावाने आलेला आकडा १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून पुढचा असतो. १४ च्या दुपारी तापीकाठच्या गावांत धुवांधार पाऊस झाला आणि आलेखात तो १५ ला दिसला, तर लेबल दुरुस्त करायला जाऊ नये. ते बरोबर आहे. नोंद सकाळी साडेआठची असल्याचे आलेखाखाली लिहावे, नाहीतर लोक बरोबर आलेखावरचा विश्वास उडवून बसतात.

अक्षाचा प्रकार

तारखा नीट वाचल्या गेल्या, तरी अक्ष कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे लागते. वर्गवार अक्ष प्रत्येक लेबलाला सारखी जागा देतो, त्याला दोन तारखांमधले अंतर कळत नाही. वेळेचा अक्ष अंतर मोजून जागा देतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दिवाळीनिमित्त लिलाव काही दिवस बंद राहिले, तर वर्गवार अक्षावर सणाआधीचा आणि सणानंतरचा भाव शेजारी येतात आणि हळूहळू झालेली चढ एका दिवसातली उसळी वाटते. बाजारभावासाठी वेळेचा अक्षच योग्य. बंद दिवसांत रेघ तुटलेली ठेवावी. तिथे शून्य भरणे तर साफ चूक, कारण त्यातून भाव कोसळल्याचे चित्र तयार होते.

वर्षावर वर्ष ठेवून तुलना करताना सणांच्या तारखा हलतात हेही ध्यानात ठेवावे. आखाजी २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये १० मेला आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला होती. तिन्ही वर्षांच्या रेघांतले खळगे एका ठिकाणी येत नाहीत, आणि तो अक्षाचा दोष नसतो.

२०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चार्ट-जेएसमध्ये वेळेच्या अक्षासाठी तारीख हाताळणारा वेगळा जोडभाग, म्हणजे डेट अडॅप्टर, लावावा लागतो. जुने उदाहरण उतरवून घेतले आणि आलेख कोराच राहिला, तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुकांचे संदेश दाखवणाऱ्या चौकटीत, त्याचा संदेश सापडतो. नोंदी तारखेच्या क्रमाने लावलेल्या नसल्या तर रेघ मागे-पुढे धावते.

फॉरमॅट, गर्दी आणि मराठी नावे

फॉरमॅट अक्षरांच्या संकेतांनी सांगतात. बऱ्याच लायब्रऱ्यांत मोठा एम म्हणजे महिना आणि लहान एम म्हणजे मिनिट, डी-थ्रीमध्ये नेमके उलट. ‘०१/००/२०२४’ असे महिन्याच्या जागी शून्य दिसले की हीच चूक समजावी. मोमेंट या तारखा हाताळणाऱ्या लायब्ररीसाठी लिहिलेला वर्षाचा व दिवसाचा संकेत डेट-एफएनएस या तशाच दुसऱ्या लायब्ररीला चालत नाही, तिथे तो लहान लिपीत लागतो. ‘एप्रिल, एप्रिल, एप्रिल, मे, मे’ अशी पुनरुक्ती दिसली, तर खुणा आठवड्याच्या आणि फॉरमॅट फक्त महिन्याचा आहे. खुणांचे एककही महिना करावे.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ३६५ लेबले मावणारच नाहीत. काही लेबले गाळण्याची सोय चालू ठेवावी. लेबले तिरकी करणे हा शेवटचा उपाय, कारण उन्हात शेतात उभे राहून तिरकी अक्षरे वाचता येत नाहीत. आलेख बंद टॅबच्या आत तयार झाला असेल, तर त्याला त्या वेळी रुंदी शून्य मिळते आणि सगळी लेबले एका कोपऱ्यात दाटतात. टॅब उघडल्यावर आलेखाला आकार पुन्हा मोजायला लावावे.

ब्राउझरच्या अंगभूत सोयीला ‘एमआर-आयएन’ (भारतातील मराठी) ही भाषा सांगितली, की महिन्यांची नावे मराठीत येतात आणि अंकही देवनागरी होतात. हिंदी निवडल्यास अंक इंग्रजीच राहतात. अक्षावर देवनागरी आणि टूलटिपमध्ये (बिंदूला स्पर्श केल्यावर उमटणाऱ्या चौकटीत) इंग्रजी अंक अशी सरमिसळ टाळावी. जागा कमी असेल तर जाने, फेब्रु, सप्टें, ऑक्टो ही आखूड नावे पुरतात. कॅनव्हासवर, म्हणजे चित्रासारखा रंगवून, काढलेल्या आलेखात मराठी फॉन्ट उशिरा उतरला, तर लेबले दुसऱ्याच फॉन्टमध्ये रंगून तशीच राहतात, म्हणून फॉन्ट आल्यावरच आलेख काढावा.

तपासणी

आलेखाला दिलेली पहिली आणि शेवटची तारीख कन्सोलमध्ये छापून पाहावी, ती मजकूर आहे की आकडा हे पाहावे आणि मूळ नोंदवहीशी ताडावी. तिथेच चूक निघाली, तर लायब्ररीची सेटिंग्ज उघडण्याची गरज नाही. मग क्रोमच्या डेव्हलपर साधनांत टाइम झोन बदलून न्यूयॉर्कचा करावा आणि लेबल हलते का ते पाहावे. चाचणीच्या नोंदी मुद्दाम निवडाव्यात: दिवस-महिना उलटल्यास वेगळी दिसेल अशी ३ एप्रिल, १२ च्या पुढची एखादी तारीख, ३१ मार्च आणि १ एप्रिल लागोपाठ, २९ फेब्रुवारी, आणि मधे दोन-तीन बंद दिवस.