टार्पन रोडिओ (पोर्ट अरॅन्सस)

टार्पन रोडिओ : अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील पोर्ट अरॅन्सस या किनारी गावात १९३२ साली सुरू झालेली, गरीने मासे पकडण्याची हौशी स्पर्धा. ‘डीप सी राउंडअप’ या बदललेल्या नावाने ती आजही दर जुलैत भरते. मेक्सिकोच्या आखातावरील टेक्ससच्या किनाऱ्यावरची ती सर्वांत जुनी मासेमारी स्पर्धा मानली जाते. टार्पन हा तिथल्या एका मोठ्या माशाचे नाव. जिच्या नावात टार्पन होता ती स्पर्धा टिकली आणि टार्पन मात्र त्या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. याचे कारण शोधायचे तर बक्षिसे घेणाऱ्या हौशी पाहुण्यांकडे पाहून भागत नाही; त्यांना बोटीत बसवून नेणाऱ्या गावकऱ्यांकडे पाहावे लागते.

पोर्ट अरॅन्सस हे मस्टँग नावाच्या लांबट, वाळूच्या बेटाच्या उत्तर टोकाला वसले आहे. एका अंगाला आखात, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. समोर सॅन होजे बेट आणि या दोन बेटांच्या मधले खाडीमुख म्हणजे अरॅन्सस पास. भरतीला आखाताचे पाणी याच तोंडातून आत शिरते, ओहोटीला तिथूनच बाहेर पडते आणि पाण्याबरोबर कोळंबी, खेकडे, बोय मासे सगळे वाहत येतात. मोठ्या माशाला याहून सोयीची जागा नाही. जहाजांना मात्र ती फारच गैरसोयीची होती, कारण तोंडाशी वाळूचे दांडे सतत जागा बदलत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे दगडी बांध घालून प्रवाह एका जागी बांधून ठेवण्याचे प्रयत्न चालले. बांधाने जहाजांची वाट खोल झाली आणि गरवणाऱ्यांना उभे राहायला आयती जागाही मिळाली.

गावाची नावेही पाहण्यासारखी आहेत. एका प्रवर्तकाच्या आडनावावरून ते काही काळ रोप्सव्हिल होते. या रोप्स महाशयांनी बेट कापून स्वतःचाच कालवा काढायचा घाट घातला होता. तो तडीस गेला नाही. नंतर गावाने सरळ ‘टार्पन’ हे माशाचे नाव घेतले. १९११च्या सुमारास ते पोर्ट अरॅन्सस झाले. माशाचे नाव टाकून बंदराचे नाव घेण्यामागे आशा होती ती खोल पाण्याच्या मोठ्या बंदराची. ती आशा सप्टेंबर १९१९च्या चक्रीवादळाने मोडली. गावाचा बहुतेक भाग वाहून गेला. उघड्या बेटावर बंदर नको, आतल्या सुरक्षित किनाऱ्यावर हवे, असे मत पडले आणि १४ सप्टेंबर १९२६ला, वादळाला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, कॉर्पस क्रिस्टी शहराचे बंदर खुले झाले. तेव्हापासून मोठी जहाजे पोर्ट अरॅन्ससच्या दारावरून जातात, थांबत नाहीत. गावाच्या हाती उरला तो मासा.

हा मासा साधा नाही. मेगालॉप्स अटलांटिकस असे त्याचे शास्त्रीय नाव. गरवणारे त्याला ‘सिल्व्हर किंग’ म्हणजे चांदीचा राजा म्हणतात. पूर्ण वाढलेली मादी दोन मीटरच्या पुढे जाते आणि शंभर किलोहून जास्त भरते. (मेगालॉप्स या प्रजातीत जाती दोनच. दुसरी पुष्कळच लहान असून ती हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या किनाऱ्यांवर, भारतातील खाड्यांतही आढळते.) टार्पनचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुप्फुसासारखे काम करतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला की मासा वर येऊन हवेचा घोट घेतो, पाठ वळवून दिसेनासा होतो. त्यामुळे शांत सकाळी टार्पनचा थवा कुठे आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळते. बोटवाल्यांचा निम्मा धंदा या एका खोडीवर चालत असे.

गरी लागल्यावर मात्र गणित बदलते. त्याचे तोंड आतून हाडासारखे कठीण, तिथे गरी रुततच नाही. रुतली तरी मासा पाण्याबाहेर अंगभर उसळी मारतो आणि डोके झटकून ती भिरकावून देतो. उसळी मारली की काठी खाली झुकवून दोरी ढिली सोडायची, म्हणजे ताणलेल्या दोरीवर माशाचे सगळे वजन पडत नाही. नवख्याला नेमके उलटे करावेसे वाटते: मासा उडाला की तो काठी वर खेचतो आणि पुढच्याच क्षणी रिकामी दोरी गुंडाळत बसतो. खाण्याच्या दृष्टीने टार्पन जवळजवळ निरुपयोगी, काटेच फार. म्हणजे पोटासाठी नव्हे, तर केवळ झुंजीसाठी ज्याच्या मागे लागावे असा हा मासा होता. १८८५मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डब्ल्यू. एच. वुड याने काठी-रिळावर टार्पन पकडल्याची बातमी गाजली आणि पैसेवाल्या हौशी लोकांची पावले आखाताकडे वळू लागली. त्यांतली बरीच टेक्ससच्या या गावात येऊन थांबली.

ती थांबत ‘टार्पन इन’मध्ये. ही लाकडी खानावळवजा सराई १८८६ सालची. पुढे ती जळाली, पुन्हा बांधली, १९१९च्या वादळात गेली, १९२०च्या दशकात परत उभी राहिली. तिच्या दर्शनी खोलीच्या भिंती टार्पनच्या खवल्यांनी मढवलेल्या आहेत. एकेक खवला तळहातात मावेल एवढा मोठा, पातळ, जुन्या कागदासारखा पिवळसर. पकडलेल्या माशाचा एक खवला काढायचा, त्यावर नाव, गाव, तारीख, लांबी, वजन लिहायचे आणि भिंतीला ठोकायचा, अशी रीत होती. असे सात हजारांवर खवले तिथे आहेत. गावाच्या मासेमारीचा इतका चोख दप्तरखाना दुसरा नसेल, आणि तो कोणी मुद्दाम ठेवलेला नाही हे विशेष.

सुरुवातीच्या काळात टार्पनची मासेमारी वल्ह्यांच्या होडीतून चाले. पाहुणा मागे काठी धरून बसायचा, पुढे गावातला माणूस वल्ही मारायचा. गरीला लागलेला मासा होडीसकट दोघांना ओढत नेई आणि परत येताना प्रवाहाविरुद्ध वल्हवणे होतेच. बार्नी फार्ली १९१०मध्ये गावात आला आणि याच धंद्यात शिरला. त्याचा भाऊ फ्रेड हाडाचा सुतार. काही वर्षांनी तोही आला आणि खास टार्पनसाठी इंजिनाच्या लाकडी बोटी बांधू लागला. खाडीमुखातल्या उलटसुलट लाटा झेलेल आणि झुंजणाऱ्या माशामागे चटकन वळेल अशी त्यांची घडण होती. ‘फार्ली बोट’ हे नाव त्या किनाऱ्यावर तेव्हापासून रुळले. १९३०च्या आसपास गावातली कितीतरी घरे या बोटींवर, पाहुण्यांच्या रोजावर आणि टार्पन इनसारख्या जागांवर जगत होती.

मग आली महामंदी. मासे होते, बोटी होत्या, पाहुणे येईनात. अशा वेळी गावातल्या बोटवाल्यांनी एक स्पर्धा भरवायचे ठरवले. पुढाकार बार्नी फार्लीचा मानला जातो. १९३२च्या उन्हाळ्यात ती पार पडली. ती टेक्सस राज्यातली पहिली म्हणून गणली जात असली, तरी आखाताच्या काठावरची पहिली नव्हे: लुइझियानातील ग्रँड आइलचा टार्पन रोडिओ १९२८चा आणि अलाबामाच्या डॉफिन बेटावरचा डीप सी फिशिंग रोडिओ १९२९चा. म्हणजे कल्पना हवेत होतीच; ‘रोडिओ’ हा शब्दही आयताच मिळाला. रोडिओ म्हणजे गुराख्यांचे खेळ. उधळलेल्या घोड्यावर टिकून बसणे, वासराला फासा टाकणे वगैरे. उसळणाऱ्या टार्पनला दोरीच्या टोकाशी धरून ठेवणाऱ्या माणसाला ते नाव शोभतेही. पुढच्या नावातला ‘राउंडअप’ हा शब्दही गुरांचाच: माळावर पांगलेली जनावरे हाकून एका जागी आणणे. टेक्ससच्या माणसाने समुद्रावर जातानाही गोठ्याची भाषा सोडली नाही, एवढे खरे.

स्पर्धेच्या मुळाशी धंदा होता हे लपवण्यात अर्थ नाही. हौशी मासेमारांच्या श्रीमंत क्लबांनी भरवलेल्या स्पर्धांत नियम, दोरीची जाडी, काठीचे वजन यांवर भर असे. क्लबाचे सदस्य आपसांत खेळत. इथे आयोजकच बोट भाड्याने देणारे. चार दिवस गाव भरावे, खोल्या भराव्यात, आणि घरी परतलेल्या माणसाने पुढच्या वर्षी चार मित्र बरोबर आणावेत, एवढाच हिशेब. धक्क्यावर लाकडी आडव्याला शेपटीने टांगलेले टार्पन आणि त्यांच्याशेजारी घामेजलेला, टोपी मागे सारलेला पाहुणा, ही छायाचित्रे त्या काळची जाहिरातच होती. छायाचित्र काढून झाले की मासा टाकून दिला जाई.

सर्वांत मोठी जाहिरात फुकट झाली. मे १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आखातात मासेमारीला आले आणि पोर्ट अरॅन्ससजवळ त्यांनी टार्पन पकडला. बोटीवर वाटाड्या म्हणून फार्ली घराण्यातला माणूस होता. रूझवेल्ट यांच्या सहीचा खवला टार्पन इनमध्ये चौकटीत लावलेला आहे. त्यानंतर ‘जिथे राष्ट्राध्यक्षांनी गरवले ते गाव’ ही ओळख गावाला कायमची चिकटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पर्धेत काही वर्षे खंड पडला. युद्धानंतर ती पुन्हा जोमाने सुरू झाली.

आणि मग मासा येईनासा झाला. १९५०च्या दशकात टेक्ससच्या किनाऱ्यावर टार्पनची संख्या घटत गेली आणि १९६०च्या दशकात ती इतकी खाली आली की त्याच्यावर धंदा चालवणे अशक्य झाले. एकच कारण सांगता येत नाही. १९५०पासून सातएक वर्षे टेक्सस दुष्काळात होरपळले, नद्यांचे पाणी आटले. नद्यांवर धरणे झाली. कॉर्पस क्रिस्टीच्या खाडीला मिळणाऱ्या न्युएसेस नदीवरचे मोठे धरण १९५८चे. टार्पनचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिले, काचेसारखे पारदर्शक, फितीसारखे असतात; समुद्रातून वाहत येऊन ते खाडीकाठच्या निमखाऱ्या दलदलीत वाढतात. गोडे पाणी कमी झाले की हे पाळणाघरच बिघडते. शेतीतली कीटकनाशके, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची धंदेवाईक मासेमारी, ही कारणेही पुढे केली जातात. धक्क्यावर टांगलेल्या माशांचा वाटाही त्यात धरायलाच हवा. टार्पन वयात यायला दहाएक वर्षे घेतो आणि पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. अशा माशाची मोठमोठी मादी वर्षानुवर्षे छायाचित्रासाठी मारली तर तूट भरून निघत नाही. बार्नी फार्लीने स्वतः उतारवयात या ऱ्हासाबद्दल कळकळीने लिहून ठेवले आहे. ज्याने स्पर्धा सुरू केली त्याने हे लिहावे, याला वजन आहे.

दुसरी एखादी स्पर्धा इथे संपली असती. क्लबाची स्पर्धा एका माशाभोवती फिरते. मासा गेला की क्लब दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. बोटवाल्यांना घर सोडून कुठे जाता येणार? त्यांनी बोटीचे तोंड खाडीमुखातून बाहेर, खोल पाण्याकडे वळवले. सेलफिश, मार्लिन, टेक्ससमध्ये ‘किंगफिश’ म्हणतात तो आपल्या सुरमईचा भाऊबंद, ट्यूना, डोराडो असे मासे यादीत आले आणि टार्पन रोडिओचा डीप सी राउंडअप झाला. खाडीतल्या रेडफिश, ट्राउट आणि चपट्या फ्लाउंडरसाठी वेगळा गट झाला. नावात ‘डीप सी’ असले तरी उथळ खाडीत उभे राहून गरवणाराही स्पर्धक असतो, हे बाहेरच्याला जरा गमतीचे वाटते.

आज स्पर्धेची जबाबदारी ‘पोर्ट अरॅन्सस बोटमेन’ या बोटवाल्यांच्याच ना-नफा संस्थेकडे आहे. उत्पन्नातून स्थानिक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. मासे तोलण्याचा कार्यक्रम बंदरालगतच्या रॉबर्ट्स पॉइंट उद्यानात होतो आणि संध्याकाळी तिथे निम्मे गाव जमते. मार्लिनसारखे मोठे मासे आता टांगण्यापेक्षा पुरावा दाखवून सोडून देण्यावर भर असतो. टार्पनबाबत तर राज्याचा कायदाच कडक आहे: ८५ इंचांहून लहान मासा ठेवता येत नाही, म्हणजे बहुतेक सगळेच सोडावे लागतात. अलीकडच्या वर्षांत थवे पुन्हा दिसू लागल्याचे गरवणारे सांगतात, पण गावाचे जुने नाव परत घ्यावे इतके ते नाहीत.

फार्लींच्या बोटींचा कारखाना मध्यंतरी बंद पडला होता; गावातल्या इतिहासप्रेमी संस्थेने तो पुन्हा सुरू केला आणि तिथे हौशी लोक लाकडी बोट बांधायला शिकतात. राउंडअपच्या दिवसांत लहान मुलांसाठी ‘पिगी पर्च’ची स्पर्धाही असते. पिगी पर्च म्हणजे धक्क्याच्या खांबांभोवती घुटमळणारा बोटभर मासा. मोठे लोक तो आमिष म्हणून गरीला लावतात. मुले धक्क्याच्या कडेला रांगेने पोटावर पडतात, हातातल्या दोऱ्या खाली सोडतात, आणि मग एकेक मासा पाण्याच्या बादलीतून जपून तराजूपर्यंत नेला जातो.